पाकिटावरचं नाव

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या प्रेसमध्ये पत्रिकांची गर्दी सुरू होते. शिरोळ तालुक्यातल्या या छोट्या प्रेसमध्ये मी डीटीपी करते आणि कुणाला हवं असेल तर पाकिटांवर नावंही लिहून देते.

मुहूर्ताची वेळ चुकली तर लोक फोन करून विचारून घेतात. बाईच्या नावाआधीचं चुकलं तर मात्र वर्षानुवर्षं मनात धरून ठेवतात. नुकताच नवरा गेलेल्या बाईला जुन्या यादीवरून 'सौ.' गेलं की त्या घरात पुन्हा रडारड. नवरा हयात असताना 'श्रीमती' पडलं की भांडण. सरकारी कागदात श्रीमती सगळ्याच बायकांना लावतात, हिंदीत तर लग्न झालेल्या बाईलाच, पण आमच्याकडच्या पत्रिकेत श्रीमती दिसलं की वाचणारा विचारतो, "मालक कधी गेले?" पुरुषाचं 'चि.' लग्नात सुटलं की पुढे मरेपर्यंत 'श्री.' बायको असो, नसो.

२०२२ सालची गोष्ट. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला होता. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. राज्य सरकारनंही लगेच बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. आम्हाला केवढा अभिमान वाटला होता! पण प्रेसमध्ये येणाऱ्या मजकुरात विधवेच्या नावाआधी 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी, होतंच.

एका दुपारी नवरीची आई आणि तिचे दीर प्रूफ बघायला आले. बाई अंगणवाडी सेविका, पदरी एकच मुलगी. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला. मजकूर दिरांनी आधीच दिला होता, त्याप्रमाणे मी 'गं. भा.' लावून आईचं नाव आणि त्याखाली 'कै.' लावून वडिलांचं नाव जुळवलं होतं. बाईंनी लाल पेन मागितला आणि 'गं. भा.'वर सरळ रेघ मारली.

दीर म्हणाले, "वहिनी, आपल्यात असंच लिहितात. मानाचंच आहे ते. आणि वाचणाऱ्याला कळायला नको?"

"कळायचं काय राहिलंय भाऊजी? खाली कै. लिहिलंय की."

दीर माणूस वाईट नव्हता. पुतणीचं शिक्षण त्यांनीच केलं होतं आणि कन्यादानालाही तेच नवरा-बायको बसणार होते. व्याह्यांकडचे काय म्हणतील, एवढीच त्यांना धास्ती. "बघा मग तुम्हीच," म्हणून ते समोरच्या टपरीवर चहाला गेले.

बाईंनी पिशवीतून यादीची वही काढली. आधी भावकी, मग पै-पाहुणे, मग गाव. शेवटची दोन पानं वेगळी होती. त्यांवर नुसती बायकांची नावं. मी सवयीनं विचारलं, "यांच्या मुलांची नावं सांगता? त्यांच्या नावानं लिहिते." आमच्यात तसंच चालतं. नवरा असेपर्यंत 'श्री. व सौ.' आणि पुढे नवऱ्याचंच नाव. नवरा गेला की पाकीट मुलाच्या नावानं. बाईचं स्वतःचं नाव दोन्हीकडे नाहीच.

त्या म्हणाल्या, "हे गेल्यापासून माझ्या नावाची एक पत्रिका आलेली नाही बघ. भाऊजींच्या नावानं येते, सहकुटुंब म्हणून. त्यात मला धरलंय का नाही, ते माझं मलाच ठरवावं लागतं. म्हणून ह्या बायकांना त्यांच्याच नावानं बोलवायचंय."

पण नावाआधी लावायचं काय? त्या पानांवर नवरा गेलेल्या होत्या, नवऱ्यानं टाकलेली एक मदतनीस होती, बिनलग्नाच्या, निवृत्तीला आलेल्या एक शिक्षिका होत्या. त्यांना 'कु.' लिहिलं तर पोस्टमनसुद्धा हसला असता. टाकलेल्या बाईला सौ. लिहिणं म्हणजे जखमेवर मीठ, आणि श्रीमती लिहिलं तर जिवंत माणसाला मारल्यासारखं. मी पेन धरून बसून राहिले.

"ह्या शाळेतल्या बाई समोर आल्या तर तू काय म्हणशील?"

"बाई."

"मग तेच लिही की."

मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. प्रत्येकीचं नाव, पुढे बाई, काकू, मावशी, ताई. गडद हिरवी पाकिटं आणि सोनेरी जेल पेन. त्या कागदावर शाई लवकर वाळत नाही, हात लागला की पसरते, म्हणून लिहिलेली पाकिटं मी काउंटरवर सुटी मांडून ठेवत होते. दीर चहा पिऊन आले, उभ्या उभ्या वाचू लागले आणि एका पाकिटापाशी थांबले. त्यावर त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं, पुढे 'आक्का'. मेहुणे गेल्यापासून त्या घरी त्यांनी प्रत्येक पत्रिका भाच्याच्या नावानं धाडली होती.

"वाळलं का हे?" त्यांनी विचारलं. "हे मीच नेऊन देतो."

'गं. भा.'च्या जागी 'श्रीमती' झालं. 'कै.' तसंच राहिलं. निमंत्रक म्हणून मात्र दिरांचंच नाव छापलं गेलं. बाईंनी त्यावर वाद घातला नाही. मला ते खटकलं, अजूनही खटकतं. मुलगी त्यांची, राबल्या त्या, मग बोलावणारं नाव दुसऱ्याचं का?

पुढच्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी 'गंगा भागीरथी' शब्द वापरण्याबद्दल आपल्या खात्याला पत्र दिल्याची बातमी आली. गदारोळ उठला, आणि निर्णय झालेला नाही, नुसती चर्चा आहे, असा खुलासा त्यांनी केला. ती बातमी वाचताना मला तो लाल पेन आठवला. हा शब्द ज्यांना लावायचा, त्यांना आधी विचारावं असं कुणालाच कसं वाटत नाही?

मी आता विचारते. मजकूर घेताना नवरीच्या आईला, आजीला फोन लावून द्या म्हणते. काही घरांत कपाळाला आठ्या पडतात, पडू देत. बहुतेक जणी 'श्रीमती' म्हणतात, काही नुसतं नाव घाला म्हणतात. परवा एका आजींनी मात्र ठणकावून सांगितलं, "माझ्या नावाला गं. भा.च पाहिजे, माझ्या सासूलाही तेच होतं." त्यांच्या नातवाला ते नको होतं. मी आजींचं ऐकलं.