एसीच्या स्विचचा दिवा आणि मल्टिमीटर

आमच्या जुन्या गाडीचा एसी सकाळी व्यवस्थित गार करायचा आणि दुपारी, सोलापूरच्या मे महिन्याच्या उन्हात, नेमका दगा द्यायचा. स्विचवरचा हिरवा दिवा मात्र तेव्हाही लागलेला असायचा. गॅरेजमध्ये गॅस भरून घ्या म्हणून सांगण्यात आले. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असते, आणि गळती सकाळ-दुपार पाहून होत नाही. म्हणून मी आधी वायरिंग तपासायचे ठरवले.

आमच्या गाडीत कंप्रेसरच्या (गॅस दाबणाऱ्या पंपाच्या) क्लचचा, म्हणजे तो पंप इंजिनाला जोडणाऱ्या विजेवरच्या भागाचा, तीन-चार अँपिअरचा प्रवाह स्विचमधून जात नाही. स्विच फक्त रिलेच्या, म्हणजे थोड्या विजेवर चालणाऱ्या दुसऱ्या स्विचच्या, कॉइलला वीज देतो आणि क्लचचा भार रिले उचलतो. फ्यूज शाबूत होता. ब्लोअर चालू होता. तेही पाहून घ्यावे, कारण अनेक गाड्यांत ब्लोअर बंद असेल तर एसीच्या स्विचचे सर्किट पूर्णच होत नाही. मग किल्ली काढून, कनेक्टरचे लॉक दाबून तो सोडवला आणि स्विचच्या दोन पिनांवर मल्टिमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारे मीटर) लावला; विजेची वाट जोडलेली असेल तर त्याचा बझर वाजतो. स्विच दाबताच बझर वाजला, आणि स्विच चांगला आहे असे मी समजून बसलो.

चूक इथेच होती. बऱ्याच मल्टिमीटरांचा बझर तीस-चाळीस ओहम रोधापर्यंतही वाजतो. आकडा पाहिला तेव्हा तो चाळिसाच्या जवळ होता. चांगल्या स्विचमध्ये तो शून्याच्या आसपास हवा. रिलेची कॉइलच ऐंशी-एक ओहमची, म्हणजे वाटेतला अडथळा तिच्या निम्मा होता.

खरी परीक्षा भार असतानाच होते. कनेक्टर पुन्हा बसवला, इंजिन चालू केले, एसी लावला आणि कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक टाचण्या सरकवून, त्या एकमेकींना टेकणार नाहीत याची काळजी घेत, स्विचच्या दोन्ही टोकांमधला व्होल्टेज मोजला. तो ०.२ व्होल्टच्या आत असायला हवा होता. माझ्या मीटरवर चारच्या वर दिसला. बॅटरीकडून १३.८ येत असताना रिलेला दहासुद्धा मिळत नव्हते. गार इंजिनात तेवढ्यावर रिले ओढला जाई, म्हणजे क्लचला वीज मिळे. बॉनेटखाली तापून कॉइलचा रोध वाढला की तोच व्होल्टेज अपुरा पडे. दिव्याला अगदी थोडा प्रवाह पुरतो, त्यामुळे तो लागतच राहिला.

नव्या गाड्यांत हे बटण बहुधा संगणकाला फक्त संदेश देते, तिथे बल्बचा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये, मल्टिमीटरच वापरावा.

काढलेला स्विच मी उघडून पाहिला. आतल्या पितळी पट्टीच्या टोकावर मोहरीएवढा काळा डाग होता आणि त्याच्याभोवतीचे प्लॅस्टिक पिवळे पडले होते. नवा स्विच बसवून त्याच दोन टाचण्यांवर पुन्हा मोजले, तेव्हा मीटरने ०.०४ दाखवले.