आईने राडा केला

काल रात्रीपासून एकच वाक्य डोक्यात अडकून बसलंय. "अगं आईने नुसता राडा केला!" कन्या बाल्कनीत फोनवर बोलत होती, मी आतून चिमटे घ्यायला आले होते, आणि पुढचं ऐकायला थांबलेच नाही. ओली चादर तशीच बादलीत राहिली, सकाळी वास मारत होती.

म्हणजे मी बोलले हे खरंय. मंगळागौरीत बी विंगवाल्या वहिनींना बोलले आणि माईक चालू होता. पण सुपं आमची, लाटणी आमची आणि आमच्याच ग्रुपचा नंबर शेवटी, पावणेदहाला, दहाला स्पीकर बंद करायचा असतो हे माहीत असून. मग माणूस बोलणार नाही तर काय करेल. पण राडा? स्वतःच्या आईबद्दल, मैत्रिणीला?

मला राडा म्हटलं की अजून परळची चाळ आठवते. खालून कुणीतरी "राडा झालाऽ" ओरडायचं, मग धडाधड शटरं पडायची, मग आमची दारं, आणि मग सोडावॉटरच्या बाटल्या फुटायच्या. 1982 चा संप, मी पाच वर्षांची. गिरणी, युनियन, डॉक्टर सामंत यातलं काही कळत नव्हतं, पण राडा कळायचा. राडा म्हणजे बाबा अजून वर आलेले नाहीत. असो, ते आत्ता नको.

तर रात्रभर हेच, की अठरा वर्षं हिचे डबे भरले, हिच्या सबमिशनला रात्री जागले आणि हिच्या लेखी मी राडेबाज. सकाळी चहा समोर ठेवला, बोलले नाही. ह्याने विचारलं काय झालंय, म्हटलं काही नाही. तो पेपरात परत गेला, ते वेगळंच.

शेवटी दुपारी कराडला आईला फोन लावला. म्हटलं, तुझी नात म्हणते मी राडा केला. आई म्हणाली, "काय सांडलं? फडकं टाक की त्यावर." तिच्याकडे राडा म्हणजे चिखल, पसारा, घाण. वर म्हणाली, "हितं चार दिस पाऊस, दारात निस्ता राडा झालाय, पाय ठिवायला जागा न्हाई." माझी बाजू ऐकून घ्यायचं राहिलंच.

संध्याकाळी मग सरळ कन्येला विचारलं. तिने कपाळावर हात मारला. "मम्मी, राडा म्हणजे भारी गं! तुझी बस फुगडी!" आणि फोन पुढे केला. अकरा सेकंदांचा व्हिडिओ, त्यात मी, पदर खोचलेला, नथ गालावर आलेली, उकिडवी बसून बेडकासारख्या उड्या मारतेय, समोरची दमून थांबली तरी माझं चालूच. वर लिहिलंय "मातोश्रींचा राडा" आणि पुढे आगीची तीन चित्रं. गुडघा आज का धरलाय ते तेव्हा कळलं.

हसू आलं, पण लगेच नाही. आधी बाबा आठवले. कॉलेजात असताना मी मैत्रिणीला म्हटलं होतं, "काय खल्लास दिसतेस!" आणि बाबांनी पेपर खाली केला होता. खल्लास म्हणजे संपवणे, अरबी शब्द आहे म्हणे, आणि तेव्हा मुंबईत तर रोज कुणी ना कुणी खल्लास होत होतं. घरात असलं बोलायचं नाही म्हणाले. आणि हाच माणूस आईला म्हणायचा, आज चहा फक्कड झालाय! फक्कड म्हणजे मुळात कफल्लक, फकीर. चहाला फकीर म्हटलं तरी आई खूश व्हायची बिचारी. मी मात्र चिमटे हातात घेऊन रात्रभर जागी.

मग हळूच विचारलं, आणि ते माईकवरचं? कन्या म्हणाली, "ते क्रिंज होतं." त्याचा अर्थ मी विचारला नाही, तोंडावरून कळला.

रात्री आईला परत फोन केला, म्हटलं अगं राडा म्हणजे आता चांगलं असतं, कौतुक केलं होतं तिने. आई म्हणाली, "मग ये की हिकडं, आमच्या दारात लय चांगलं झालंय."