आपण म्हणजे नक्की कोण?

"आपण ही दाढ काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. मी खुर्चीत आडवा, तोंड वासलेलं. 'आपण म्हणजे कोण?' असं विचारायचीही सोय नव्हती. दाढ माझी, कळ माझी. बाहेर काउंटरवरच्या मुलीने हिशेब सांगितला तो मात्र "तुमचे दोन हजार झाले" असा.

सुजलेला गाल धरून दोन दिवस या शब्दाच्याच मागे लागलो. 'आपण'चं मूळ संस्कृत 'आत्मन्'. प्राकृतात त्याचं 'अप्प', 'अप्पण' झालं आणि मराठीत 'आपण'. म्हणजे मुळात अर्थ 'स्वतः'. 'तो आपण होऊन आला' म्हणतो त्यात तो अजून जिवंत आहे. हिंदीतलं 'आप'ही याच घरचं. पण मराठीने या 'स्वतः'त समोरच्यालाही ओढलं. 'आम्ही चहाला चाललोय' म्हटलं की ऐकणारा जागेवरच बसतो. 'आपण चहाला जाऊ' म्हटलं की चपला शोधायला लागतो. प्रमाण हिंदीतल्या 'हम'ला किंवा इंग्रजीतल्या 'वुई'ला हे जमत नाही. गुजरातीत मात्र 'अमे' आणि 'आपणे' आहे, तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु'. हे वळण आपल्याला द्राविडी शेजारामुळे लागलं, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. शेजार चांगला असला की असं होतं.

शब्द तसा लबाडच. मुंबईच्या नाक्यावर 'आपण नाय घाबरत कोणाला' यात फक्त मी. 'आपणांस कळविण्यात येते की' यात फक्त तुम्ही, आणि बातमी बहुधा वाईट. इथवर गंमत. पण 'भाडेकरू आपल्यातलाच बघा' हे ऐकलं की घास अडकतो. सगळ्यांना कवेत घेणाऱ्या शब्दाने जातीचं कुंपण घालायचं!

वहिनी नागपूरची. लग्न होऊन आली तेव्हा "तुमच्याकडे आमटीत गूळ घालतात?" असं डोळे मोठे करून विचारायची. वर्षभराने एकदा ती फोनवर तिच्या आईला सांगत होती, "अगं, आपल्याकडे आमटीला गूळ लागतोच."

पलीकडून क्षणभर काहीच आवाज नाही. मग, "असेल बाई. तुमच्याकडे लागत असेल."