थंडीत चावणारी जळू

माझी सगळी नोकरी हिवतापाच्या स्लाइड वाचण्यात गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं, बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब, त्याचा जाड थर नि पातळ थर, परजीवी दिसावा म्हणून जेएसबी नावाचा रंग आणि मग मायक्रोस्कोपला डोळा. पावसाळा लागला की स्लाइडचे गठ्ठे वाढायचे. रक्तातला परजीवी म्हणजे ऊब आणि ओल, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की निवृत्तीनंतर लेकीकडे व्हर्जिनियात आले आणि इथल्या माशांच्या रक्ताविषयी वाचायला लागले तेव्हा थबकलेच. इथे सगळं उलटं. रोग थंडीतला, आणि तो नेणारी जळूही थंडीतलीच.

चेसापीकच्या उपसागरात समर फ्लाउंडर नावाचा चपटा मासा असतो. आपल्या लेपासारखा तळाच्या वाळूत पडून राहतो, दोन्ही डोळे डाव्या अंगाला. शरद ऋतूत मोठे मासे बाहेर समुद्रात जाऊन अंडी घालतात आणि इवली पिल्लं हिवाळ्याच्या सुमारास खाडीत शिरतात. नेमकी तेव्हाच कॅलिओब्डेला विविडा ही जळू भुकेली असते. उन्हाळ्यात ती सापडतच नाही, असतात ते फक्त तिचे कोश. पाणी गार झालं की त्यातून पिल्लं निघतात, हिवाळाभर माशांचं रक्त पिऊन वाढतात, कोश घालतात आणि पाणी तापायच्या आत संपतात.

या जळवेला जबडे नाहीत, सोंड आहे. मासा आजारी असेल तर त्याच्या रक्ताबरोबर ट्रिपॅनोप्लाझ्मा बुलोकाय हा एकपेशी परजीवी तिच्या पोटात जातो, तिथे वाढतो आणि सोंडेच्या वेष्टणापाशी येऊन थांबतो. पुढच्या माशाला ती चिकटली की हा आत.

आमचा हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीच्या आत दडलेला असतो. हा बाहेर, उघड्यावर पोहतो. त्याला दोन कशाभिका, म्हणजे पोहायचे चाबकासारखे धागे, एक पुढे मोकळी, दुसरी अंगाला चिकटून मागे गेलेली. ताजं रक्त काचेवर घेतलं तर आसपासच्या पेशी ढकलल्या जाताना दिसतात, रंगाचीही गरज नाही. आणि जाड थराचा इथे काही उपयोग नाही. त्या थरात तांबड्या पेशी फोडून जंतू उघडा पाडायचा असतो. माशाच्या तांबड्या पेशी लंबगोल, प्रत्येकीत केंद्रक. पेशी फोडल्या तरी केंद्रकांचा पसारा मागे उरणारच, त्यात जंतू शोधायचा कुठे? माणसाचं रक्त वाचलेल्या डोळ्यांना हे सगळं नव्याने शिकावं लागतं, आणि मला ते फार आवडलं.

यॉर्कटाउनच्या किनाऱ्यावरून पलीकडे ग्लॉस्टर पॉइंट दिसतं. तिथल्या सागरी विज्ञान संस्थेत युजीन बरेसन यांनी या जळवेचा आणि जंतूचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९८४ मध्ये त्यांनी डेव्हिड झ्वर्नर यांच्याबरोबर पुरावा मांडला की हा जंतू फ्लाउंडरची पिल्लं खरोखर मारतो. पोट पाण्याने फुगतं, रक्त पातळ होतं. प्रतिकार करायचा तर पिल्लाच्या अंगात प्रतिद्रव्यं तयार व्हायला हवीत, पण माशाचं अंग पाण्याइतकंच गार आणि गारठ्यात हे काम जवळजवळ बंद पडतं. जंतूला मात्र थंडी चालते. वसंतात पाणी तापलं की प्रतिद्रव्यं येतात, रक्त साफ होतं. म्हणजे पिल्लू जगतं की मरतं, हे बरंचसं त्या सालच्या हिवाळ्यावर ठरतं.

समुद्रात मेलेलं बोटभर पिल्लू कोणाच्या हाती लागत नाही. खेकडे नि मोठे मासे ते लगेच फस्त करतात. म्हणूनच टाकीतले प्रयोग आणि हिवाळ्यात पकडलेल्या पिल्लांचं रक्त, दोन्ही हवं. याच संस्थेची माणसं १९५५ पासून जाळं ओढून खाडीतल्या लहान माशांची मोजणी करतात. मला मनापासून वाटतं, अशा मोजणीत जानेवारी-फेब्रुवारीच्या पिल्लांचं थेंबभर रक्तही दरवर्षी तपासलं जावं. पुढे आकडा घसरला तर दोष मासेमारीचा की जळवेचा, हे रक्त न बघता कसं सांगणार? गावात तापाची साथ आली की आम्हीही आधी स्लाइडच मागवायचो.