रात्रीत फिरलेला वारा

रात्री तीनला, आत झोपलेलो असताना, मुक्कामाची व्हॅन आडवी हलायला लागली. डरनेस, स्कॉटलंडचा उत्तर किनारा, ऑक्टोबर.

संध्याकाळी तोंड नैर्ऋत्येला करूनच लावली होती. पण शीत आघाडी, म्हणजे थंड हवेच्या लोंढ्याची पुढची कड, पुढे सरकली की तिथे वारा नैर्ऋत्येवरून वायव्येला फिरतो, म्हणजे थेट गाडीच्या कुशीवर. तासागणिक अंदाजात दिशाही दिलेली असते हो. आपण नुसता वेग वाचतो.

आधी वर उघडणारं छत खाली घेऊन पट्टे आवळायचे, मगच गाडी वळवायची. तोंड वाऱ्याकडे असेल तर पुढचं दार वारा लोटून बंद करतो. पाठ असेल तर बिजागरीसकट उपटू शकतो. आडोशाची खिडकी मात्र बोटभर उघडी हवीच, नाहीतर सकाळी गादीखाली ओल.

अंधारात, एकट्याने वळवता येईल एवढी जागा सोडून लावता का तुम्ही गाडी?