डोकं पुढे, नाव मागे

मासिक हातात आलं की कुणी अनुक्रमणिका उघडतं, कुणी थेट शेवटचं पान. मी मुखपृष्ठावरच रेंगाळतो आणि आधी एवढंच पाहतो, की इथे कोण कोणाच्या पुढे उभं आहे? फोटोतल्या माणसाचं डोकं मासिकाच्या नावावर आलंय, की नावच त्याच्या कपाळावर छापलंय?

डोक्यामागे दोन अक्षरं झाकली गेली, तर तो त्या नटीचा किंवा पुढाऱ्याचा मान वाटतो. खरा तोरा असतो मासिकाचा. आपलं नाव अर्धवट दिसलं तरी लोक ते ओळखतील, अशी खात्री असल्याशिवाय कुणी ते झाकू देत नाही. नवख्या मासिकाला ही चैन परवडत नाही. त्याला पूर्ण नाव ठसठशीत मिरवावंच लागतं. नावावर डोकं, डोक्याखालच्या खांद्यावर मथळे, अशी ही उतरंड. मथळे खांद्यावर चालतात, दंडावर चालतात, कोटावर तर खुशाल पसरतात. डोळ्यांवर मात्र सहसा चढत नाहीत. ते डोळे रोखून आपल्याकडेच बघत असतात आणि त्यांच्याच जोरावर अंक उचलला जातो. पांढरा बारकोड तेवढा कुणाची भीड ठेवत नाही. राष्ट्राध्यक्ष असो की विश्वसुंदरी, कोपरा त्याचा.

विक्रीच्या मांडणीत अंक एकमेकांवर सरकवून ठेवले, की दिसते फक्त वरची किंवा डावी पट्टी. म्हणून नाव वर आणि महत्त्वाचा मथळा डावीकडे. आपलं चित्र अर्धं झाकलं जाणार हे धरूनच ते रचायचं, ही अट इतर चित्रकारांना क्वचितच पडत असेल.

त्यात कागद उभा आणि जग बरंचसं आडवं. फेब्रुवारी १९८२ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'ने गिझाच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसावा म्हणून संगणकाच्या मदतीने पिरॅमिडच जवळ सरकवले. पुढे त्यावर बरीच टीका झाली. मासिकाच्या पिवळ्या चौकटीसाठी फॅरो राजांच्या थडग्यांनी जागा बदलली! हा प्रकार चुकीचा होता यात वाद नाही, पण मांडणी करणाऱ्याची ओढाताण त्यातून जितकी कळते तितकी पाठ्यपुस्तकातून कळणार नाही.

चौकटीचं मला फार कौतुक आहे. 'टाइम'ची लाल चौकट १९२७ पासूनची. दर अंकाला तीच असल्यामुळे एरवी ती नजरेत भरतही नाही. पण ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ती काळी झाली आणि वाचकाला आतला शब्द न वाचता जे कळायचं ते कळलं. त्याच हल्ल्यानंतर 'न्यूयॉर्कर'ने काळ्यावर काळं छापलं. आधी नुसतं काळं पान दिसतं. कागद थोडा तिरपा धरला की दोन मनोऱ्यांच्या आकृत्या उमटतात. या मासिकाच्या मुखपृष्ठावर एरवीही मथळ्यांची गर्दी नसते, म्हणून ते काळं पान त्यालाच शोभलं. वर्षभर ओरडणाऱ्याने एके दिवशी गप्प बसून दाखवलं, तर लोक घसा बसलाय म्हणतील.

याच्या उलट एप्रिल १९६६ चं 'टाइम'. काळ्या पानावर लाल अक्षरांत एकच प्रश्न : 'देव मेला आहे का?' चित्र नाहीच. देवाचा फोटो मिळवणार कुठून, ही अडचणही परस्पर मिटली. आणि जानेवारी १९८१ चं 'रोलिंग स्टोन' : विवस्त्र गायक जॉन लेनन पत्नी योको ओनोला बिलगलेला, छायाचित्रकार ॲनी लीबोव्हिट्झने त्याच्या खुनाच्या काही तास आधी टिपलेला. वर फक्त मासिकाचं नाव. मथळा एकही नाही. अमेरिकेतल्या मासिक संपादकांच्या संस्थेने २००५ मध्ये आधीच्या चाळीस वर्षांतली उत्तम मुखपृष्ठं निवडली, तेव्हा पहिला क्रमांक याला मिळाला.

अशी उदाहरणं आठवून शब्दांच्या गर्दीला नाकं मुरडणं सोपं आहे. मीही मुरडतो. पोट कमी करण्याचे ७ उपाय, नोकरी टिकवण्याचे ११, आणि त्यातला आकडा नेहमी शब्दांच्या दुप्पट! काही मासिकं तर एकाच अंकाची दोन मुखपृष्ठं काढतात. विक्रीच्या प्रतींवर मथळ्यांचा बाजार, आणि वर्गणीदाराकडे जाणाऱ्या प्रतीवर तोच फोटो मोकळा, कारण त्याने पैसे आधीच भरलेले असतात. दोन्ही शेजारी ठेवले तर मोकळंच देखणं दिसतं. पण कसब मला गर्दीच्या मुखपृष्ठात जास्त दिसतं. सहा मथळे, तीन रंग, एक बारकोड आणि संपादकाने शेवटच्या क्षणी घुसडलेला सातवा मथळा, एवढ्यांना जागा देऊनही चेहरा चेहऱ्यासारखा राहतो. मोकळ्या पानासाठी चांगला फोटो पुरतो. हे मात्र दर महिन्याला, ठरल्या तारखेला जमवावं लागतं.