तुम्ही विचारलंत म्हणून: मी मालिका का बघते

"मॅडम, तुम्ही मराठी शिकवता, एवढं वाचता, मग त्या रटाळ मालिका कशाला बघता?" स्टाफरूममध्ये, लग्नाकार्यात, अगदी पालकसभेनंतरसुद्धा हा प्रश्न येतोच. ‘विरंगुळा म्हणून’ एवढं सांगितलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. पण ते खरं उत्तर नाही. मी मालिका बघते ती घरातल्या माणसांशी बोलता यावं म्हणून. मला वाटतं, पुष्कळ जण त्यासाठीच बघतात.

आमच्याकडे दिवेलागणीनंतर टीव्ही लागतो. सासूबाई परातीत मेथी घेऊन निवडायला बसतात, मी लसूण सोलते. आमच्यात कधी वाद नव्हता, पण मनातलं बोलणंही फारसं नव्हतं. माझी मुलगी लहान असताना एकदा मालिकेतल्या सुनेनं, मूल लहान आहे म्हणून, नोकरीचा राजीनामा लिहिला. सासूबाईंचे हात थांबले. "अगं, कशाला सोडतेस? निघतात ही वर्षं कशीतरी," त्या टीव्हीकडे बघूनच म्हणाल्या. मग काड्या बाजूला काढता काढता त्यांनी स्वतःची नोकरी कोणाच्या शब्दाखातर सोडली ते सांगितलं. त्या नोकरीत होत्या हे मला ठाऊक होतं, का सोडली ते कधीच कळलं नव्हतं. त्या दिवसांत मीही बिनपगारी रजेचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता. तो दिलाच नाही. मी सरळ विचारलं असतं तर "झालं गेलं, आता काय त्याचं" म्हणून त्यांनी विषय मिटवला असता.

आपल्या घरांतून मोठ्यांपुढे मन मोकळं करायची सवय कमी. मालिकेतल्या सासूबद्दल मात्र काहीही बोललं तरी कोणाचा मान दुखावत नाही.

हे आजचं नाही. 1984 च्या जुलैत दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. मेक्सिकोत मालिकांतून कुटुंबनियोजनाचा प्रचार झाला होता, तसं इथेही करून बघावं अशी त्यामागची कल्पना. प्रचाराचा भाग पुढे मागे पडला. पण प्रत्येक भागाच्या शेवटी ज्येष्ठ अभिनेते अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलायचे, आणि त्यांच्या नावे पत्रांचा ढीग येऊ लागला. त्यांत तरुण मुलामुलींची पत्रं असत: आमच्या पसंतीच्या लग्नाला घरून विरोध आहे, आईवडिलांची तुम्ही समजूत घाला. ज्या आईवडिलांपुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती, ते बहुतेक त्याच खोलीत बसून तीच मालिका बघत असणार. म्हणून तर मुलांना वाटलं, अशोक कुमारांचं ते ऐकतील.

मालिका वाईट लिहिल्या जातात, हा आक्षेप मला मान्य आहे. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, आकडा घसरला की ट्रॅक बदलतो आणि कालपर्यंत शहाणी असलेली बाई आज कारस्थानी होते. याचा मला मनापासून राग येतो. सासूबाईंनाही येतो. "असं कुठं असतं का?" असं त्या म्हणाल्या की खरं कसं असतं, त्यावर आमचं जेवण होईपर्यंत बोलणं चालतं.

शाळेतही तेच. नववीत एक मुलगा होता, वर्गात कधी बोलत नसे. एका रिअ‍ॅलिटी शोमधून गावाकडच्या स्पर्धकाला बाहेर काढलं, त्यावर मधल्या सुट्टीत मुलं भांडताना मी ऐकलं होतं. तो शो मला आवडत नाही, तरी मी तो भाग बघितला आणि दुसऱ्या दिवशी तासाला विचारलं, त्याला काढलं ते बरोबर झालं का? हा मुलगा आपणहून उभा राहिला. "न्हाई मॅडम. त्यो खरं बोलतुय म्हणून काढला त्येला." पुढे तो बराच वेळ बोलला, मुद्द्याला मुद्दा जोडत, स्वतःच्या बोलीत. मी मध्ये एकदाही दुरुस्त केलं नाही. तास संपल्यावर त्याला म्हटलं, आत्ता बोललास ते जसंच्या तसं लिहून आण. त्यानं दोन पानं भरून आणली.